बायको पुढं पळाली तो हिवाळा

घटस्थापनेचा दिवस होता. भरलेली रक्कम दोन हजार चारशे, माणशी बाराशे. हजर तिघं: मी, माझी बायको सुनंदा आणि आमच्या पहाटेच्या धावण्याच्या कंपूतले जनावरांचे डॉक्टर. पैसे आम्हा दोघांचे, पण गेले त्यांच्याच मोबाईलवरून. जानेवारीतली मॅरेथॉन. धाराशिवहून तुळजापूरच्या दिशेनं जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं, एकूण बेचाळीस किलोमीटर. लेखा शाखेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला काहीही सांगायचं तर आधी हे लिहावं लागतं, नाहीतर पुढचं सुचत नाही.

ही गेल्या हिवाळ्याची गोष्ट. आत्ता आठवायचं कारण, हवा पुन्हा तशीच झाली आहे. पहाटे तोंडातून वाफ निघते. ढोकीच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत. ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या चाकाखाली चिरडतात आणि डांबराला गोडसर, आंबूस वास येतो. ज्वारी कमरेच्या वर गेली आहे. या हवेत माझ्या डाव्या गुडघ्यात एक बारीक कळ उठते आणि तिच्या मागोमाग दुसरी, जिची जागा बोट ठेवून दाखवता येत नाही. ती मत्सराची आहे. कुणाचा मत्सर, तर सुनंदाचा. शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडं पाहून जे वाटतं, ते आपल्याच उंबऱ्यात काढून ठेवलेल्या बुटांकडं पाहून वाटायला लागलं की माणसानं ते सांगावं कुणाला?

धावायला मी आधी लागलो, हे नोंदवून ठेवतो. सुनंदा घरी शिवणकाम करते, ब्लाऊज आणि पिको-फॉल. दिवसभर मशीनवर बसून तिची साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, चालायला सांगितलं. एकटी जायला संकोचत होती म्हणून मी बरोबर नेलं. नाकानं श्वास घे, टाच आपटू नको, खांदे सैल सोड, हे सगळं मी शिकवलं. ती दहा पावलं मागून यायची. वळणावर मी थांबायचो, ती यायची, मी पुन्हा निघायचो. दोन वर्षं असं चाललं. त्या दोन वर्षांत मला वाटायचं की मी फार चांगला नवरा आहे.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं वाटून घरी आलो आणि हुडहुडी भरली. सकाळी मूठ मिटेना. पाय जमिनीवर टेकवला तर घोट्यात काच भरल्यासारखं झालं. चिकुनगुनिया. गल्लीत आणखी चार घरांत होता, त्यामुळं कौतुकही फारसं झालं नाही.

आमच्याकडं दसरा झाला की तुळजाभवानी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. नऊ दिवस लढून दमलेली असते, तिची ती श्रमनिद्रा, कोजागिरीला उठते. आई माझ्या उशाशी बसून कपाळावरची पट्टी बदलत होती आणि मी सुनंदाला विचारत होतो की रविवारचे अठरा किलोमीटर बुडाले तर पुढच्या आठवड्यात कसे भरून काढायचे.

आई म्हणाली, "आरं, देवी बी निजली हाय पलंगावर. तू कोन लागून गेलास? पड की गप."

"देवीला मॅरेथॉन नाही, आई."

"तिनं रेडा मारलाय. तू काय मारलंस?"

सुनंदा दारात उभी राहून हसली. मग मशीनवर जाऊन बसली. कोजागिरीला देवी उठली. मी उठलो नाही.

ताप गेला, सांधे राहिले. बनियन काढायला सुनंदा लागायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचो. आणि पहाटे पाचला, अंधारात, मी डोळे मिटून ऐकत असायचो. ती दिवा लावायची नाही, माझी झोप मोडू नये म्हणून. बुटाची नाडी ओढल्याचा आवाज. फाटकाची कडी, हळूच. मग पावलं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. पुढचं मी मनानं पळायचो. आता पेट्रोल पंप, आता पूल, आता ते लिंबाचं झाड जिथं कुत्री अंगावर येतात. कुत्र्यांना हाकलायला मी नाही, तर घाबरेल, परत फिरेल, असं वाटायचं. ती फिरली नाही. पुढं कळलं की ती कुत्र्यांना बिस्किटं नेत होती आणि त्यातलं एक तर तिच्याबरोबर दोन किलोमीटर पळायचं.

परत आली की न्हाणीघरात पाण्याचा आवाज, आणि मग ती भूक. आजारी माणसाला सगळ्यात जास्त हेवा कशाचा वाटतो, तर दुसऱ्याच्या भुकेचा. मी पेजेची वाटी घेऊन बसलेला आणि समोर ती ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, तेल, कांदा फोडून. तिसरी भाकरी मागताना आईकडं बघून लाजायची. गाल लाल. कपाळावर वाळलेल्या घामाचं मीठ. चौदा वर्षांपूर्वी मोठ्या मुलीच्या वेळी ती बाळंतपणातून उठली, तेव्हाही तिच्या तोंडावर इतकं तेज नव्हतं.

"आज किती?" मी विचारायचो.

"थोडंच. सहा-सात."

हे सहा-सात मला पुरायचं. तेवढं मी भरून काढलं असतं. मग एका रविवारी जनावरांचे डॉक्टर मला बघायला आले. गुडघा दाबून पाहिला, मान हलवली.

"बैलाचा असता तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "माणूस सांगेल तितकं ऐकत नाही, म्हणून मी त्यात पडत नाही. बाकी वहिनींनी कमाल केली हं आज. चोवीस! आम्ही मागं राहिलो."

सुनंदा चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली, मग त्यांच्यापुढं कप ठेवला. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि चहा खूप गरम असल्याप्रमाणे बशीत ओतायला लागले.

ते गेल्यावर मी म्हणालो, "सहा-सात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"चोवीसचं वाईट वाटलं नाही. सहा-सातचं वाटलं."

ती म्हणाली, "बरं. उद्यापासून खरं सांगते." आणि खरंच सांगायला लागली. ते आणखी वाईट होतं.

दिवाळीनंतर मी कामावर जायला लागलो. एकदा दूधवाल्यानं दारात विचारलं, "तुम्ही त्या पळणाऱ्या ताईंचे मिस्टर ना?" दोन वर्षं तो मला 'पळणारे साहेब' म्हणायचा. मी हो म्हटलं आणि दूध घेतलं. नोव्हेंबरात चालणं, डिसेंबरात थोडं पळणं, थोडं चालणं. सकाळी सांधे आखडलेले असायचे, म्हणून मी सहाला निघायचो, ती पाचला. मी पुलापाशी पोचेपर्यंत ती समोरून परत येत असायची. लांबून ओळखू यायची. तिचं पाऊल हलकं पडतं, आवाजच होत नाही. जवळ आली की वेग कमी करायची. मी हातानं खूण करायचो, जा, जा. ती जायची. मग मी वळून पाहायचो. टाच आपटत नव्हती. खांदे सैल होते. सगळं मी सांगितल्यासारखंच होतं, फक्त माझ्यापेक्षा चांगलं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं शहरं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. आमचं रान ढोकीच्या अलीकडं, थोरल्या भावाच्या ताब्यात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, आंबिलाचं मडकं, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. दुपारी आडवं होईस्तोवर जेवण. आणि संध्याकाळी हेंडगा. तुराट्यांची जाड चूड बांधून पेटवायची आणि ती घेऊन पिकाच्या कडेनं पळत पूर्ण फेरी मारायची. मध्ये थांबायचं नाही, चूड विझू द्यायची नाही. विझली तर वर्ष चांगलं जात नाही म्हणतात. थोरल्या भावाला दमा, त्यामुळं वीस वर्षं हेंडगा माझ्याकडं. मी धावायला लागायच्या आधीपासून, असं म्हटलं तरी चालेल, मी वर्षातून एकदा तरी धावत होतो.

त्या दिवशी काळी माती ओली होती, भेगा आणि ढेकळं. पुतण्यानं चूड पेटवून माझ्यापुढं धरली. मी घेतली, चार पावलं टाकली आणि गुडघा मुरगळला. पडलो नाही, पण वाकलो. चूड पुतण्यानं झेलली. 

आई कोपीच्या तोंडाशी बसली होती. तिनं हाक मारली, "सुनंदा, तू घे."

मी म्हणालो, "आई, बायका हेंडगा धरत नाहीत."

"मग इझू दिऊ का?"

"या पोराला दे की."

"त्यो मोबाईलमदी बघत पळतो. सुनंदा, घे म्हंते ना!"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली ढेकळाकडं पाहत होतो. तिनं साडीचा ओचा वर खोचला, चपला काढल्या आणि चूड घेतली. मग दिसला तो फक्त जाळ. हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीच्या मागून, कधी ताटांआड, कधी उघड्यावर. पळताना जाळ मागं झोपत होता, इतका वेग. कडेच्या रानातली माणसंही उभी राहून बघायला लागली. पुतण्या ओरडला, "काकी, एकच नंबर!" थोरला भाऊ खोकत खोकत म्हणाला, "आरं, ही तर तुझ्याहून चपळ हाय की!" माझी आई, जिनं मला चालायला शिकवलं, ती टाळ्या वाजवत होती.

सुनंदा फेरी पुरी करून आली. चूड अजून जळत होती. तिच्या पोटऱ्यांना काळी माती, केसांना राख. ती धापा टाकत नव्हती, हे मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. त्या क्षणी तिच्याबद्दल जे वाटलं त्याला प्रेम म्हणायचं तर म्हणता येईल, पण त्यात तिखट फार होतं.

परतताना गाडीत मी जाहीर केलं की मी पूर्ण बेचाळीस पळणार. माणसांच्या डॉक्टरांनी फार तर अर्धी सांगितली होती. माझा आजारानंतरचा सगळ्यात लांब पल्ला सोळा, तोही पळत-चालत. हे आकडे मला पाठ होते. दुसऱ्या कुणी असे आकडे माझ्या टेबलावर आणले असते तर मी शेरा मारून परत पाठवले असते.

सुनंदा म्हणाली, "मग मी तुमच्याबरोबर राहते."

"माझ्यासाठी थांबायचं नाही."

"नक्की?"

"नक्की."

आमच्या घरात पाहुणा 'पुरे' म्हणाला तरी सुनंदा तीनदा आग्रह करते. पहिल्या नकाराला आमच्याकडं कुणी नकार मानत नाही. तो फक्त सभ्यपणा असतो. मी त्याच हिशेबानं बोललो होतो. मला वाटलं, ती मानणार नाही.

शर्यतीच्या पहाटे थंडी बोटांत शिरत होती. सुरुवातीच्या रेषेवर तिनं पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "हो." गावाबाहेर पडलो, सूर्य डाव्या हाताला वर आला, तुरीवर दव चमकत होतं. आठ किलोमीटर आम्ही बरोबर होतो. ती माझ्यासाठी पाय आवरून पळत होती, घोड्याला लगाम लावल्यासारखी. ते तिच्या श्वासातून कळत होतं. श्वासच लागत नव्हता. नवव्या किलोमीटरला ती म्हणाली, "मग जाऊ?"

"जा."

आणि ती गेली. तिसऱ्यांदा विचारलं नाही. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिनं माझा शब्द जसाच्या तसा धरला. काही वेळ तिची निळी ओढणी दिसत राहिली, कमरेला बांधलेली. मग चढ आला आणि ओढणी त्याच्या पलीकडं उतरली.

पुढचे किलोमीटर मी रागावर काढले. राग हे इंधन वाईट नाही, पण लवकर संपतं. परत फिरायच्या वळणाच्या अलीकडं तीन किलोमीटरवर ती समोरून परत येताना दिसली. रस्त्याच्या त्या बाजूनं. देवीला निघालेल्या यात्रेकरूंची जीप तिच्याशेजारून जात होती, आतल्या बायका खिडकीतून ओरडल्या, "आई राजा उदो उदो!" सुनंदानं त्यांना हात जोडले, पळता पळता. मग मला पाहिलं, हात वर केला. मीही केला. ती थांबली नाही, मी तिला दाद दिली नाही. दोघांनीही ठरल्याप्रमाणे केलं.

वळणावर पाण्याच्या टेबलापाशी जनावरांचे डॉक्टर उभे होते. त्या वर्षी ते पळत नव्हते, व्यवस्था बघत होते. माझा गुडघा नारळाएवढा झाला होता.

"बैल असता तर आत्ता जू काढलं असतं," ते म्हणाले.

"काढा," मी म्हणालो.

छातीवरचा नंबर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि एक केळं दिलं. अर्धा तास टेकून, गुडघ्यावर बर्फ ठेवून मी फाट्यावर आलो. तुळजापूरहून धाराशिवला जाणारी एसटी आली. मी चढलो.

बसमध्ये उभं राहायला जागा होती. कंडक्टरनं मला खालून वर पाहिलं. "पळायला आला होता का?"

"हो."

"मग आता?"

"एक धाराशिव."

चौदा-पंधरा किलोमीटर गेल्यावर समोरच्या बाकावरची बाई खिडकीतून बोट दाखवायला लागली. "अगं बया, बघा की! आपल्या वयाची हाय. कशी पळतीय!" सगळी बस डाव्या बाजूला झुकली. निळी ओढणी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, एकजण ओरडला, "शाब्बास ताई!" मी दांडी धरून उभा होतो. बसला तिला मागं टाकायला दोन सेकंद लागले. त्या दोन सेकंदांत मला दिसलं की ती लंगडत होती. उजवा पाय ओढत होती.

खरं सांगतो, आधी बरं वाटलं. आणि ते बरं वाटणं संपायच्या आत भीती वाटली, की ही आता थांबेल, बेचाळीस राहील. दोन्ही इतकं लागोपाठ झालं की कुठलं मोठं होतं हे मला आजही सांगता येत नाही. त्या बाईनं मला विचारलं, "कुनाची असंल ओ?"

"माझी बायको आहे."

"मग तुमी बसमदी कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. कंडक्टरला म्हणालो, "पुढच्या थांब्याला उतरवा."

शेवटचे तीन किलोमीटर राहिले होते तिथं मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ती आली. तोंड पांढरं पडलेलं, ओठांना मीठ. मला पाहून थांबली नाही, पण पाऊल मंदावलं.

"बसनं आलात?"

"हो."

"पोटरीत गोळा आलाय. होत नाही आता माझ्यानं."

"टाच आपटतेस. पुढं टाक वजन. खांदे सोड."

तिनं खांदे सोडले. चार पावलं गेली. "येता का शेवटपर्यंत?"

"येतो. नंबर नाही माझ्याकडं, कडेनं येतो."

"मागं राहा मग. पुढं झालात तर लोक म्हणतील, बसनं आलेला नवरा जिंकला."

मी मागं राहिलो. दोन पावलं. गुडघा ओरडत होता, पण तिच्या वेगाला आता माझं लंगडणं पुरत होतं. तिच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. दोन वर्षं तिनं माझी पाठ पाहिली असणार आणि कधी काही बोलली नाही. मागून पळणाऱ्याला काय काय दिसतं, हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळत होतं: मान कुठं झुकते, कुठं श्वास तुटतो, केव्हा बोलायचं नसतं.  कमान दिसली तेव्हा तिनं एकदा मागं वळून पाहिलं. मी आहे का ते पाहिलं असावं. मग ती पळाली. खरंच पळाली. मी कमानीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला सरकलो, कारण ती कमान पैसे भरून आणि बेचाळीस पळून ओलांडायची होती आणि मी त्यातलं पहिलंच केलं होतं.

मत्सर गेला का? नाही. आज पहाटेही ती पाचला गेली, मी साडेपाचला. तिला सोलापूरचं धावणं करायचं आहे, मला दहा किलोमीटर नीट जमले तरी पुष्कळ. ती परत येताना दिसली की अजून आत काहीतरी चावतं. पण आता ती वेग कमी करत नाही आणि मी हात हलवून जा म्हणत नाही. एकमेकांकडं बघून आम्ही आपापल्या दिशेनं जातो, आणि त्यात एक प्रकारचा आराम आहे.

त्या दिवशी कमानीपलीकडं एका स्टुडिओवाल्यानं टेबल मांडलं होतं. आमच्याच वयाचा गृहस्थ, चष्मा कपाळावर. सुनंदा गवतावर पाय पसरून बसली होती, गळ्यात पदक. मी तिचा फोटो शोधायला सांगितलं. त्यानं पडद्यावर दाखवला: कमानीखाली सुनंदा, दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. आणि मागं, कडेला, नंबर नसलेला एक टकलू इसम, एका पायावर भार देऊन, तिच्याकडं बघत. त्याचं तोंड असं काही झालेलं, की हसतोय की रडतोय हे कळू नये.

"मागचा माणूस काढून टाकू का?" स्टुडिओवाल्यानं विचारलं. "ताई एकट्या छान दिसतील."

मी खिशातल्या नोटा मोजल्या.

"राहू द्या," मी म्हणालो. आणि मोठ्या प्रतीचे अडीचशे रुपये त्याच्या हातात दिले.